फसवे ईमेल आणि आपली माहिती: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खात्यातून पैसे गेलेच असतील तर हे वाचत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला कळवा. बाकीचं नंतर वाचता येईल.

पुढचे प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत रोज कानावर पडणारे आहेत. विचारणाऱ्यांत कोणी केळी पिकवतं, कोणी दालमिल चालवतं, कोणी भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालंय, कोणी भरतीचा अभ्यास करतंय. प्रत्येकाला येणारा मेल वेगळा असतो. मागणी मात्र तीच: तुमची माहिती द्या आणि आत्ताच्या आत्ता द्या.

हे मेल पाठवणाऱ्यांना माझ्याकडून नेमकं हवं तरी काय असतं?

काही माहितीचे लगेच पैसे होतात: ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआय पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड, कार्डवरचा नंबर आणि मागचे तीन आकडे. काही माहिती सावकाश वापरली जाते: आधार, पॅन, जन्मतारीख, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, सही. तिच्यावर तुमच्या नावाने सिम घेण्याचा, खातं उघडण्याचा, कर्ज उचलण्याचा प्रयत्न होतो.

"माझ्या खात्यात आहेच काय, दोन हजार रुपये" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी या दुसऱ्या प्रकाराचा विचार करावा. दुसऱ्यांचे चोरलेले पैसे फिरवायला रिकामी खातीच लागतात, आणि चौकशी सुरू झाली की पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात.

शिकलेली माणसंही कशी फसतात?

शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही. आपण ज्या गोष्टीची वाट बघत असतो, नेमका तिच्याच नावाने मेल आला की बोट आपोआप लिंकवर जातं. आपण कधी कशाची वाट बघतो हेही काही गुपित नाही. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. रिटर्न भरून झालं की रिफंडकडे डोळे लागतात. रावेर-यावलकडे वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या की विम्याच्या पैशांची चर्चा सुरू होते. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता वर्षातून तीनदा येतो, आणि दरवेळी 'केवायसी राहिली' म्हणून घाबरवणारे मेल-मेसेज त्याच्या आगेमागे फिरतात. लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या वेबसाइटही निघाल्या. कॉलेजच्या पोरांना महाडीबीटीची शिष्यवृत्ती, भरतीवाल्यांना निकाल.

चोर एकट्या तुम्हाला मेल पाठवत नाही, लाखोंना पाठवतो. त्यातल्या हजारांची ती गोष्ट खरोखरच अडलेली असते. म्हणून आमचा सांगावा एवढाच: वाट बघत असलेल्या गोष्टीचा मेल आला की त्या मेलमधून काम करायचं नाही. अ‍ॅप असेल तर ते उघडा, वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा, नाहीतर बँकेत, तलाठ्याकडे, कृषी कार्यालयात जाऊन विचारा. केवायसी खरंच राहिली असेल तर तिथेही राहिलेलीच दिसेल.

मेल खोटा आहे हे ओळखायचं कसं?

समजावण्यासाठी एक नमुना इथे तयार करून देतो.

पाठवणारा: पीक विमा विभाग, महाराष्ट्र शासन
विषय: केळी फळपीक विमा – रु. ४८,२५० मंजूर, केवायसी प्रलंबित
मजकूर: आदरणीय लाभार्थी, आपली केवायसी अपूर्ण असल्याने मंजूर रक्कम परत जात आहे. २४ तासांच्या आत खालील लिंकवर आधार क्रमांक, खाते क्रमांक व ओटीपी भरून पुष्टी करावी.

पहिली ओळ घ्या. पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव कोणीही काहीही लिहू शकतं, त्यावर कोणाचा पहारा नसतो. त्या नावावर बोट ठेवलं की मागचा खरा पत्ता दिसतो. शासनाचं खातं जीमेलवरून मंजुरी कळवत नाही. सरकारी पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. पण शेवट बरोबर दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट दाखवण्याच्या युक्त्याही आहेत.

दुसरं, रक्कम. गोल आकडा नाही, अगदी ४८,२५०. असा आकडा बघितला की कोणीतरी आपली फाईल काढून हिशोब केलाय असं वाटतं. पण 'आदरणीय लाभार्थी' बघा. ज्याने फाईल बघितली त्याला नाव, गाव, गट नंबर माहीत नको?

तिसरं, २४ तास. ही घाई मुद्दाम असते. संध्याकाळी मुलगा घरी येईल, त्याला दाखवू, एवढी सवड तुम्हाला मिळू नये म्हणून ती घातलेली असते.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओटीपी. विम्याची भरपाई थेट खात्यात जमा होते. खात्यात पैसे येण्यासाठी खातेदाराचा ओटीपी किंवा पिन लागत नाही. तो लागतो पैसे जाण्यासाठी. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. पीक विम्याबद्दल शंका असेल तर १४४४७ ही हेल्पलाइन आहे, पीएम किसानसाठी १५५२६१.

भाषेवरून मात्र आता फार अंदाज बांधू नका. पूर्वी अशा मेलचं मराठी इतकं मोडकं असायचं की दोन ओळींत कळायचं. आता यंत्राकडून नीटनेटकं मराठी लिहून घेता येतं, शासकीय वळणाचंसुद्धा.

लिंक न उघडता ती कुठे नेणार हे कसं बघायचं?

कॉम्प्युटरवर लिंकवर माउस नुसता नेऊन थांबा, खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाईलवर लिंक दाबून धरा, पत्त्याची चौकट उघडते. वाचून झालं की मागे या.

आता तो पत्ता वाचायचा कसा? समजा लिहिलंय: 'पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन डॉट क्लेम-यादी डॉट टॉप' आणि मग तिरकी रेघ. सुरुवातीला पीक विम्याचा खरा पत्ता दिसतो, म्हणून माणूस पुढे वाचत नाही. पण वेबसाइट कोणाची हे, सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधीचे शब्द ठरवतात. इथे ते आहेत 'क्लेम-यादी डॉट टॉप', म्हणजे कोणा तिऱ्हाइताने घेतलेला पत्ता. पाकिटावर नाव-गल्ली काहीही लिहा, पत्र शेवटच्या ओळीतल्या गावाला जातं, तसंच हे. त्या रेघेपासून मागे वाचत या.

अक्षरांचीही फसवणूक असते. इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरं जवळ जवळ लिहिली की 'एम'सारखी दिसतात. छोट्या 'एल'च्या जागी आकडा एक टाकतात. मोबाईलच्या बारीक अक्षरांत हे कळत नाही, म्हणूनच पत्ता स्वतः टाइप करा असं सांगतो.

पत्त्याच्या बाजूला दिसणारं कुलूप म्हणजे वेबसाइट खरी, असाही एक समज आहे. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या रस्त्यात तुमची माहिती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला चोरच असेल तर त्याला ती पोचतेच.

बँकेच्या वेबसाइटची काही ठरलेली खूण आहे का?

आहे, आणि ती चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर आणायला सांगितलं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट दुसराच काही असेल तर तिथे एक अक्षरही भरू नका.

आणि खुद्द रिझर्व्ह बँकेच्या नावाने, तिच्या बोधचिन्हासह 'तुमची रक्कम आमच्याकडे अडकली आहे' असा मेल आला तर तो खोटाच. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं बचत खातं ठेवत नाही, मग आपली रक्कम तिच्याकडे अडकेल कशी?

मेलमध्ये माझं पूर्ण नाव, पॅन, पत्ता, सगळं बरोबर होतं. तरी खोटा?

असू शकतो. आपली माहिती किती ठिकाणी सांडलेली आहे याचा कधी विचार केला आहे? सिम घेताना दिलेली झेरॉक्स, लॉजच्या रजिस्टरमधला आधार, कर्जाच्या चौकशीचा फॉर्म, मॉलमधल्या सोडतीची चिठ्ठी, फुटलेले कंपन्यांचे डेटाबेस. या याद्या विकल्या जातात. तुमची माहिती बरोबर असणं हा मेल खरा असल्याचा पुरावा नाही.

प्राप्तिकराच्या नोटिशीची खात्री करायची चांगली सोय मात्र आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक क्रमांक असतो, ज्याला 'डीआयएन' म्हणतात. प्राप्तिकराच्या पोर्टलवर तो टाकला की पत्र खात्याने काढलंय की नाही ते कळतं. रिफंड तर पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यातच येतो, त्यासाठी मेलवरून कार्डचा नंबर द्यावा लागत नाही.

माझा ईमेल आयडी ऑनलाइन सेवा केंद्रावरच्या भाऊंनी काढून दिला. त्यात काही धोका आहे का?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण आपल्याकडे हे घराघरात आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

होतं असं. फॉर्म भरायला गेलं की ईमेल आयडी लागतो. आपला नसतो. समोर रांग असते, सर्व्हर चालत नसतो, केंद्रावरचा पोरगा दोन मिनिटांत आयडी काढतो. पासवर्ड ठरलेला: नाव, मग 'अ‍ॅट'चं चिन्ह, मग एक-दोन-तीन. तोच पुढच्याला, तोच त्याच्या पुढच्याला. पासवर्ड केंद्राच्या वहीत लिहिला जातो, आपल्याला तो माहीतही नसतो. खातं परत मिळवायचा मोबाईल नंबर कधी कधी केंद्राचाच असतो. त्या पोराच्या मनात काही वाईट नसतं, तो अडलेलं काम करून देतो. पण वही कोणाच्याही हाती पडू शकते, आणि तसला पासवर्ड तर अंदाजानेही उघडतो.

आणि ईमेल उघडला की बाकीचं बरंच काही उघडतं. 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की बहुतेक वेबसाइट नवीन पासवर्डची लिंक ईमेलवरच पाठवतात. आलेल्या मेलमध्ये बँकेचं स्टेटमेंट असतं, आधारची पीडीएफ असते. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. तुम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही तो जमेल.

म्हणून केंद्रावर जा, गोडीत सांगा, "भाऊ, माझा आयडी माझ्या मोबाईलवर चालू करून दे." मग स्वतः बसून, किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाला घेऊन, पासवर्ड बदला. लांब ठेवा, तीन-चार असंबद्ध शब्दांचा चालेल, पण शेताचं नाव आणि मुलाची जन्मतारीख नको. 'रिकव्हरी'मध्ये स्वतःचा नंबर टाका. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या फोनशिवाय खातं उघडणार नाही. 'सुरक्षा' या भागात 'तुमची डिव्हाइस' असं दिसतं. तिथे केंद्राचा कॉम्प्युटर अजून सुरू दिसला तर साइन आउट करा. पासवर्ड वहीत लिहावासा वाटला तर घरच्या वहीत लिहा, ती कपाटात ठेवा. त्यात काही गैर नाही.

झेरॉक्सच्या दुकानाच्या मेलवर आधार पाठवून प्रिंट काढतो. चालेल?

नाइलाज असेल तर 'मास्क्ड' आधार पाठवा. तो आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या वेबसाइटवर मिळतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून मेल आणि डाउनलोड झालेली फाईल दोन्ही पुसायला सांगा, 'ट्रॅश'मधूनसुद्धा. दुकानदार ओळखीचा असला तरी सांगा. आधार कुठे कुठे वापरला गेला याचा इतिहास त्याच वेबसाइटवर बघता येतो, बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. अडचण आली तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर विचारा.

जोडलेली फाईल उघडली तर काय होतं?

फाईलवर अवलंबून आहे. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते मोबाईलचं अ‍ॅप असतं, यादी किंवा पत्रिका नव्हे. ते टाकलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. 'झिप', 'ईएक्सई', 'एचटीएमएल' अशा अनोळखी फाइलीही उघडू नका. साध्या पीडीएफमध्येही लिंक किंवा क्यूआर कोड असू शकतो, तिथे लिंकचेच नियम लागू.

रेल्वेत निवड झाल्याचा मेल आलाय, नेमणूकपत्रासहित. अनामत भरायला सांगतात.

भरू नका. भुसावळमुळे रेल्वेची नोकरी आपल्याकडे अनेक घरांचं स्वप्न आहे, आणि म्हणूनच हा मेल इथे फार वाईट घाव घालतो. रेल्वेची भरती रेल्वे भरती मंडळ किंवा रेल्वे भरती कक्षाच्या जाहिरातीने होते, निकाल त्यांच्याच वेबसाइटवर लागतो. परीक्षेचं शुल्क अर्ज करताना असतं. निवड झाल्यावर अनामत, ट्रेनिंगचे पैसे, मेडिकलचे पैसे खासगी खात्यावर मागणारा रेल्वेचा माणूस नसतो. आणि जी परीक्षा दिलीच नाही तिचा निकाल आपल्याला कसा लागेल?

पोलीस किंवा सीबीआयची नोटीस मेलवर आली. 'अश्लील मजकूर बघितला, २४ तासांत खुलासा करा.'

शिक्के, सही, राजमुद्रा सगळं असतं त्यावर. तरी घाबरून उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की फोन येतो, मग व्हिडिओ कॉल, मग 'डिजिटल अटक', म्हणजे कॉलवरच तुम्हाला अटक केल्याचं सांगणं. अशी अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. नोटीस घेऊन सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि दाखवा.

'तुझा कॅमेरा हॅक केलाय, बिटकॉइन दे' असा मेल आला. त्यात माझा खरा पासवर्ड लिहिलाय.

तो जुना, कुठल्यातरी फुटलेल्या वेबसाइटवरचा असतो. व्हिडिओ बहुधा नसतोच. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर आज बदला. तरुण मुलं या मेलने आतून पार खचतात. घरात कोणी अचानक गप्प झालं असेल तर न रागावता विचारा.

आम्ही व्यापारी आहोत. पुरवठादाराचा मेल आला की आता पैसे नव्या खात्यावर टाका.

दालमिल, चटई, जिनिंग, पाइप, कुठलाही धंदा असो, ही फसवणूक सगळ्यात मोठ्या रकमांची असते. चोर दोघांपैकी एकाच्या मेलमध्ये शिरून आठवडेच्या आठवडे नुसता वाचत असतो. कोणता माल, किती बिल, कोण कोणाला 'शेठजी' म्हणतं, सगळं त्याला कळतं. बिल निघायच्या दिवशी तो तशाच भाषेत, त्याच संवादाच्या खाली, नवा खाते क्रमांक पाठवतो.

नियम करा: खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून माणसाच्या तोंडून ऐकायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये कोणी 'फॉरवर्डिंग', म्हणजे आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय, लावून ठेवलंय का तेही बघा. मुनीमजींना हे सांगताना मालकाने स्वतः सांगावं, म्हणजे मालकाच्या नावाने 'लगेच पैसे टाक' असा मेल आला तरी ते फोन करायला कचरणार नाहीत.

"मना पैसा गयात, आते काय करू?"

१९३०. पहिला फोन हाच. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली तर मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात, काढून घेतल्यावर हाती फार थोडं लागतं. लागलीच बँकेच्या अधिकृत नंबरवर सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पैसे गेले नाहीत पण माहिती भरली गेली असेल तर दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला. अ‍ॅप टाकलं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करून ते काढा, शंका उरली तर फोन पूर्ण रिसेट करा.

बँक पैसे परत देते का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना बँकेची ना तुमची असेल आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड पडत नाही. चार ते सात दिवस लावले तर काही रक्कम तुमच्या माथी येते. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी कळवायला उशीर करू नका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे नियम लागू नाहीत.

पोलिसांत जायची लाज वाटते. लोक हसतील.

लाज चोराने बाळगायची. कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरली तर ६६ सी. तिन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तिथवर जाणं जमत नसेल तर कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

घरच्यांनाही एक विनंती. आप्पांचे किंवा मायचे पैसे गेले असतील तर पहिल्या तासात "सांगितलं होतं ना" म्हणू नका. त्या ओरड्याच्या भीतीनेच माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तोवर पैसे लांब गेलेले असतात.

तो मेल डिलीट करून टाकू का?

पैसे किंवा माहिती गेली असेल तर नको, तक्रारीला तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता दिसेल असा. बँकेचे मेसेज, व्यवहाराचा क्रमांक आणि पासबुकाची नोंद सोबत ठेवा. काहीच गेलं नसेल तर 'फिशिंग नोंदवा' हा पर्याय दाबा (अशा फसव्या मेलनाच फिशिंग म्हणतात) आणि मग पुसा. 'अनसबस्क्राइब' दाबू नका, कारण तीही लिंकच असते.